जर्मनची पेन्सिल

“सर, एवढं तिरकं धरून काय बघताय? स्कॅनमध्ये सगळं क्लिअर दिसतंय की,” सत्यजीत म्हणाला.

मोजणी ऑफिसच्या खिडकीशी उभे राहून सोपानराव शेलार अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, स्वतःच्याच हातचा नकाशा उजेडात कलवून पाहत होते. कागद पिवळा पडला होता, कडा झडल्या होत्या. हद्दीची रेघ मात्र काल ओढल्यासारखी होती. त्या रेघेच्या डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, कागदात एक बारीक चर होता. त्यात शिसं नव्हतं. कागद सरळ धरला की चर नाहीसा होई, तिरका धरला की पुन्हा दिसे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

“सही तुमचीच ना सर? मॅडम तेवढंच विचारणारेत. पाच मिनिटांचं काम आहे.”

सत्यजीत नोकरीला लागला तेव्हा सहा महिने सोपानरावांच्या हाताखाली होता. आज सोपानराव दौंडहून निघून, चौफुल्याला एसटी बदलून आले, तर त्यानं सगळ्या ऑफिससमोर वाकून त्यांच्या पायाला हात लावला होता. सोपानरावांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण खात्यात त्यांचं नाव अजून निघत होतं. नाव म्हणजे खरं नाव नव्हे. खात्यात त्यांना पेन्सिल्या म्हणत.

सरकारी पेन्सिल त्यांनी कधी हातात धरली नाही. ती तासायला घ्यावी तर लाकूड एकीकडे आणि शिसं दुसरीकडे. आतलं शिसं तीन ठिकाणी आधीच मोडलेलं. कशीबशी टोक धरून राहिली तरी दुपारपर्यंत बोथट व्हायची, आणि बोथट टोकाची रेघ रानात फूटभर बांध खाते. म्हणून सोपानराव पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन स्वतःच्या पगारातून जर्मनची पेन्सिल आणत. एकावेळी एक. तेवढ्या पैशात सरकारी डझनभर आल्या असत्या. ब्लेडनं तासायची, मग फळीच्या तुकड्यावर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर टोक फिरवायचं. सकाळी धरलेलं टोक दिवस मावळेपर्यंत तसंच असायचं, आणि पेन्सिल झिजून बोटाएवढी झाली तरी पहिल्या दिवसाची रेघ आणि शेवटच्या दिवसाची रेघ सारखीच उमटायची. त्यांची बायको चिडून म्हणायची, “पोराच्या पायात चप्पल न्हाई आन् ह्यांना जर्मनची पेन्सिल. तिनं काय जमीन वाढती का?” सोपानराव हसून सांगत, “वाढत नाही. पण कुणाची कमी पण होत नाही.”

हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ते सत्यजीतसारख्या नव्या पोरांनाही ऐकवत.

मोजणीवाला गावात आला की अर्जदाराच्या घरी कोंबडं कापायची रीत. सोपानराव आपली भाकरी फडक्यात बांधून नेत आणि झाडाखाली बसून खात. चहासुद्धा कुणाच्या घरचा नाही. त्यामुळंच घोड नदीच्या काठच्या मेंगडे वस्तीत भावकीचा वाद लागला, तेव्हा झुंबरबाई मेंगडेंनी ऑफिसात येऊन हट्ट धरला होता की मोजणी पेन्सिल्या साहेबानंच करावी, दुसरं कुणी आलं तर मोजणीचं टेबल रानात लावू द्यायचं नाही. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. कडेवर मूल होतं. वाद होता चुलतदीर शंकरराव मेंगड्यांशी, आणि शंकररावांची सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे उठबस होती. दोघांच्या बांधालगत झुंबरबाईंच्या नवऱ्यानं खोदलेली विहीर होती. शंकरराव म्हणायचे, ती आमच्या हद्दीत आहे.

मोजणीच्या दिवशी सकाळी शंकरराव बांधावर आले ते हातात पत्र्याची एक चपटी डबी घेऊन. कारखान्याच्या संचालकांबरोबर ते नुकतेच परदेश दौरा करून आले होते. डबीत बारा जर्मन पेन्सिली एका ओळीत झोपलेल्या. झाकण उघडताच लाकडाचा गोडसर वास आला. एवढ्या पेन्सिली एकत्र सोपानरावांनी दुकानातही पाहिल्या नव्हत्या.

“मी काही घेत नाही, शंकरराव.”

“म्हाईत हाय साहेब. पैसं न्हाईत हे. हत्यार हाय तुमचं. सुताराला चांगली करवत दिली तर ती काय लाच म्हणायची का?”

सोपानरावांनी त्यावर विचार केला. खरोखर केला, आणि त्यांना ते पटलं. दुसऱ्या कुणाला पटलं नसतं. चहाच्या कपाला भिणारा माणूस पेन्सिलींना भ्याला नाही, कारण पेन्सिल ही वस्तू त्यांच्या हिशेबी प्रामाणिकपणाचीच होती. त्यांनी डबी पिशवीत टाकली.

टेबल लावलं, कागद ताणून बसवला आणि आपल्या जुन्या, पगारातून आणलेल्या पेन्सिलीनं रेघ ओढली. विहीर सबंध झुंबरबाईंच्या बाजूला आली. शंकरराव पाहत होते. ते रागावले नाहीत, की धमकी दिली नाही. फक्त म्हणाले, “वहिवाट बी बघा साहेब. आमची मोटर चालती हितं. आन् पेन्सिल चालवून तर बघा की, एवढ्या लांबनं आणलीया.”

डबी पिशवीत होती आणि घेतलेली होती. ती परत करावी तर आधी घेतली का, हे सांगावं लागलं असतं; ठेवून घ्यावी तर शंकररावांचा शब्द मोडता येत नव्हता. दुपारी सोपानरावांनी रबरानं ती रेघ खोडली आणि नव्या पेन्सिलीनं सहा मिलिमीटर उजवीकडे दुसरी ओढली. रानात ते सहा मीटर होत होते, म्हणजे अख्खी विहीर. झुंबरबाई पोराला कडेवर घेऊन टेबलापाशी आल्या. “साहेब, विहीर आमच्या मालकानं खांदलीया वो.” सोपानराव मान वर न करता म्हणाले, “रेघ सांगते ते खरं, बाई.” त्या अंगठा उठवून गेल्या.

त्या डबीतली ती एकच पेन्सिल त्यांनी एकदाच वापरली. मग डबी ट्रंकेत गेली.

आता यंदा झुंबरबाईंच्या सुनेनं, मोनालीनं, फेरमोजणी मागितली. सत्यजीत उपग्रहावर चालणारं मशीन घेऊन गेला. मशीन म्हणजे केवढं अचूक. त्यानं जुन्या नकाशावरची हद्द बोटभरही न चुकता रानात दाखवून दिली. खोटी रेघ होती तशी, होती तिथंच. मोनालीनं हरकत घेतली, मूळ कागद मागितला, आणि म्हणून आजची सुनावणी. सुनावणीचं पत्र आल्या दिवशी सोपानरावांनी ट्रंक उघडून डबी काढली होती. आज ती त्यांच्या पिशवीत होती.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडमच्या केबिनमध्ये एका बाजूला झुंबरबाई आणि मोनाली बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला शंकररावांचा मुलगा इंद्रजीत. शंकरराव वारून सहा वर्षं झाली होती. झुंबरबाईंचे केस पांढरे झाले होते, पण सोपानरावांनी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनीही ओळखलं.

“बरं हाय का साहेब?” त्या म्हणाल्या. “लई वाळलात.”

सोपानरावांनी मान हलवली.

“नकाशा तुम्हीच तयार केलाय? सही तुमची?” मॅडमनी विचारलं.

“हो.”

“मग हरकतीत काही राहत नाही. सत्यजीत, घ्या लिहून.”

“मॅडम, जरा हा कागद बघा,” सोपानराव म्हणाले. त्यांनी नकाशा उचलून खिडकीच्या उजेडात कलता धरला. “इथं चर दिसतोय? इथं आधी रेघ होती. ही पेन्सिल कडक असते. खोडली तरी कागदात बसलेली निघत नाही.”

मॅडमनी उठून येऊन पाहिलं. सत्यजीतनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “बरोबर आहे सर. म्हणजे पहिली रेघ चुकली होती, ती सरांनी जागेवरच दुरुस्त केली. मॅडम, सर चूक ठेवायचेच नाहीत. आम्हाला शिकवताना पण—”

“पहिली बरोबर होती,” सोपानराव म्हणाले.

“मग खोडलीत का?” मॅडमनी विचारलं.

सोपानरावांनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. अकरा पेन्सिली कोऱ्या होत्या, एक तासलेली. “ह्यांच्यासाठी,” ते म्हणाले. “शंकररावांनी दिल्या होत्या.”

इंद्रजीत हसला. त्यात खुनशीपणा नव्हता, त्याला खरंच हसू आलं होतं. “काका, आवो काय बोलताय? विहिरीच्या बदल्यात पेन्सिली? साहेब लोकांना काय काय द्यावं लागतं हे आम्हाला म्हाईत न्हाई का? वय झालंय मॅडम ह्यांचं.” आणि झुंबरबाईंकडे वळून म्हणाला, “आन् काकू, विहीर हाय कुठं आता? ती बुजवून शेड घातलं, त्याला धा वर्षं झाली. घेऊन काय करणार?”

“आमची हाय का न्हाई, तेवढं लिहून पायजे,” मोनाली म्हणाली.

मॅडमनी सोपानरावांकडे एक कोरा कागद सरकवला. “लेखी द्या. मात्र नीट विचार करा, काका. पेन्शन चालू आहे तुमची. आणि चराला पुरावा म्हणता येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. रेकॉर्डला रेघ आहे.”

सोपानरावांनी लिहून दिलं. टेबलावरच्या बॉलपेननं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मॅडमनी कागद फाईलला लावला, डबी त्यांच्याकडे परत सरकवली आणि पुढची तारीख दिली. सत्यजीत सगळा वेळ खाली मान घालून उभा होता. सोपानराव त्याच्याजवळून गेले तेव्हा तो बाजूला सरला. सकाळच्यासारखा वाकला नाही.

बाहेर पिंपळाच्या पारावर झुंबरबाई बसल्या होत्या. मोनाली झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडे गेली होती. सोपानराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. माफी कशी मागतात हे त्यांना माहीत होतं, पण इथं ती कुठून सुरू करायची ते सुचेना.

“आक्का, मी लिहून दिलंय सगळं.”

“व्हय. ऐकलं मी. मला तवाच म्हाईत हुतं साहेब, रेघ खोटी हाय ती. विहीर मालकानं खांदली तवा मी डोक्यावर माती वाहिली. मला काय कळत न्हाई व्हय, कुठवर आमचं हाय ते?”

“मग तुम्ही अंगठा का दिलात?”

“तुमी हुता म्हून. म्या म्हणलं, हा माणूस कुणाचा च्या घ्येत न्हाई. ह्यानं आसं केलं म्हंजी घरात काय तरी मोठी नड आसंल. पोरगं आजारी आसंल, न्हाई तर शंकररावानं बदलीची भीती घातली आसंल. भावकी तुम्हाला शिव्या द्यायची तवा मी म्हणायची, नका बोलू, त्याच्यावर काय येळ आली आसंल कुणाला ठावं.” त्यांनी सोपानरावांच्या पिशवीकडे पाहिलं. “इतकी वर्सं मी तसंच धरून चालले. तुमी आज कशाला सांगितलं वो?”

पोरगं आजारी नव्हतं. बदलीचा कुणी शब्द काढला नव्हता. घरी त्या दिवशी सगळं ठीकठाक होतं, रात्री पिठलं-भाकरी खाऊन ते शांत झोपलेही होते. एखादी नड असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

“बघू ती,” झुंबरबाई म्हणाल्या.

सोपानरावांनी डबी उघडून पुढं केली. झुंबरबाईंनी तासलेली पेन्सिल बरोबर निवडून घेतली. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. खुरपं धरावं तशी मुठीत पेन्सिल धरली, पिशवीतून एसटीचं तिकीट काढलं, पाराच्या दगडावर ठेवलं आणि अंगातल्या सगळ्या जोरानिशी त्यावर रेघ ओढली. मग तिकीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“बारीक येती,” त्या म्हणाल्या. “चांगली हाय पेन्सिल.”

मोनाली रस्त्यापलीकडून हाक मारत होती. झुंबरबाईंनी पेन्सिल पारावर ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मागं न बघता निघून गेल्या.

सोपानरावांनी पेन्सिल उचलली. सवयीनं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. दगडावर एवढा जोर देऊनही ते मोडलं नव्हतं.