उशीखालचा फोन

घरात कुणाची साखर वाढली तर आपण गावभर सांगत फिरतो. मन आजारी पडलं की मात्र दाराला कडी! वटार गावच्या मटिल्डाबाईंनी तेच केलं.

त्यांची सून रोवेना हिला बायपोलरचा आजार. मन कधी विहिरीच्या तळाला, कधी ताडाच्या शेंड्यावर. गोळ्या चालू होत्या आणि लांबच्या हॉस्पिटलातली नर्स सुरुची दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करायची. झोप लागते का, गोळी घेतली का, विचारायची. पोरगी छान सावरली होती.

मग नणंदेला, टिफनीला स्थळ आलं. मटिल्डाबाईंनी सुनेचा फोन स्वतःकडे घेतला. नर्सला एकच उत्तर, "ती देवळात गेलीय, मिसाच्या प्रार्थनेला." पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून गोळ्याही कपाटात कोंबल्या; त्या बंदच पडल्या.

रोवेनाची झोप उडाली. दिवसरात्र वाडी झाड, भिंती रंगव, हार गुंफ. सासू शेजारी मिरवायची, "चार बायांचं काम एकटी उरकते." अगं बाई, आजार चढत होता आणि तू कौतुक करत होतीस!

पाहुणे आले. रोवेना बोलत सुटली, थांबेचना. हातातली बांगडी काढून मुलाच्या आईला चढवू लागली. तेवढ्यात मटिल्डाबाईंनी उशीखाली दडवलेला तिचा फोन वाजला.

"कुणाचा?" मुलाच्या आईने विचारलं.

"बँकवाल्यांचा," मटिल्डाबाई म्हणाल्या.

टिफनीने उशी भिरकावून फोन घेतला. "सिस्टर, वहिनी झोपत नाही. गोळ्या बंद आहेत. आई खोटं बोलली."

"गप बस, कार्टे."

"तिचं बरंवाईट झाल्यावर बोलू?"

मुलाची आई कडाडली, "मटिल्डा, मी पाहुण्यांसमोर इन्सुलिन टोचून घेते. लाज तुझ्या खोटेपणाची वाटते मला. उद्या तुझी लेक माझ्याकडे आजारी पडली, तर तिच्या गोळ्या मीही लपवू?"

मटिल्डाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती हसत होती, डोळे मात्र लालभडक. त्यांनी फोन घेतला. "सिस्टर, गोळ्या मीच लपवल्या. आता काय करू?"

"आपल्या मनाने काही देऊ नका. मी डॉक्टरांना कळवते. तिला एकटं सोडू नका, आत्ताच घेऊन या."

स्थळ म्हणून आलेल्या मुलाने, एल्रॉयने गाडी काढली. मटिल्डाबाई सगळ्यांदेखत सुनेचा हात धरून मागे बसल्या. मुलाच्या आईने बांगडी टिफनीला दिली. "वहिनी बरी झाली की तिच्या हातात घाल. स्थळाचं मग बोलू."

बायांनो, लांबची नर्स माणूस सांभाळते, पण आपण दाखवू तेवढंच तिला दिसतं. घराची अब्रू झाकायला सुनेचा जीव पणाला लावू नका.