चार पानांचे पत्र

बांबूची बारीक दांडी आणि टोकाला बकऱ्याचे केस, असा मी एक जुना चिनी कुंचला आहे. मित्रांनो, माझे केस आता झडले आहेत. पण अकोल्याच्या जुन्या शहरातली युलान मला अजून आठवते.

तिचे वडील, लिऊ डॉक्टर, लोकांना दात बसवून देत. आजी अंथरुणाला खिळली होती, म्हणून युलानची आई चीनमधल्या गावीच राहिली. बापलेक भारतात यायला निघताना आईने मला पाच वर्षांच्या युलानच्या हाती दिले. "पत्र तू स्वतः लिही," एवढेच ती म्हणाली.

युलान मराठी शाळेत गेली आणि तिथलीच झाली. वडील घरी त्यांच्या भाषेत विचारत, ती वऱ्हाडीत उत्तर देई. रोज संध्याकाळी ते शाई घोटून मला पुढे ठेवत. युलान मात्र पाढ्यांचे पुस्तक उघडून बसे.

शेजारची भाजीवाली मैनाबाई तिला चिडवायची, "काहून वो, मायले चिठ्ठी लिवाले तुया हात दुखते काय?"

"दुखते! अन् मंग पाढे कोन म्हनन, मावशी? तू?"

लिऊ डॉक्टर हसत आणि पत्र स्वतःच लिहीत.

दसऱ्याला युलानने माझ्याच केसांनी शाळेच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात सरस्वती रेखाटली. दुर्गाबाई मास्तरीणबाईंनी ती सगळ्या वर्गांना दाखवली. माझेही कौतुक झाले. मी फुगून गेलो. चौथीत युलान पहिली आली.

त्याच उन्हाळ्यात लिऊ डॉक्टर विषमज्वराने गेले. मैनाबाईने युलानला आपल्या घरी नेले. महिन्याभराने आईचे पत्र आले. चार पाने होती. ती वाचणारे अकोल्यात आता कोणीच नव्हते. युलानला त्यात फक्त स्वतःचे नाव ओळखता आले. ते सात ठिकाणी होते. त्याच्या मागेपुढे आई काय सांगत होती, ते तिला कळेना. मला ती अक्षरे ठाऊक होती, मित्रांनो. पण मला तोंड नाही.

तिने कोरा कागद घेतला, मला शाईत बुडवले. तिने आपले नाव लिहिले आणि ती थांबली.

मैनाबाईने हळूच विचारले, "बाप गेला, थे कसं कयन वो मायले?"

आईच्या पाकिटावरचा पत्ता पाहून पाहून युलानने उतरवला आणि पत्र टाकून आली. तिकडे लढाई पेटली होती. उत्तर कधीच आले नाही.

मित्रांनो, घरातले माणूस आपली अक्षरे शिकवायला बसले, तर त्याच्याजवळ बसा. युलान हुशार होती. थोड्या संध्याकाळी जरी तिने दिल्या असत्या, तरी 'बाबा गेले' एवढे तिला लिहिता आले असते.