खोट्या अँटेनेवरचा चहा

त्या दिवशी सूर्याला बरं नव्हतं. निदान क्लबाचं तसं एकमत झालं होतं, आणि या क्लबात एकमत होणं म्हणजे काय, ते सूनबाईला विचारा.

सूनबाई म्हणजे चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेणारी, आणि सुट्टीच्या दिवशी हौशी रेडिओ क्लबात रमणारी. क्लबाचे अध्यक्ष अप्पा तिचे सासरे. त्यामुळे अख्खा क्लब तिला सूनबाईच म्हणायचा. क्लबातली दातांची डॉक्टर तर तिच्याच वयाची, पण तीसुद्धा.

खोली पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. सगळ्याला क्लोरीनचा वास, अगदी बिस्किटांनासुद्धा. खिडकीतून निघालेली अँटेनेची तार थेट उडी मारायच्या उंच मनोऱ्याला बांधलेली. खाली कुणी धपकन पाण्यात पडलं की वर तार झुलायची.

दारामागचा फळा
(हा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.)

वेड्या अँटेना
अप्पा: छत्री
शिंपीकाका: शिवणयंत्राचं लोखंडी स्टँड
दातांची डॉक्टर: पेशंटची खुर्ची, पेशंट नसताना

नियम सोपा. चांगली तार ताणून कुणीही लांब पोचेल. भलत्याच वस्तूला वायर जोडून जो सगळ्यांत लांबच्या माणसाशी बोलेल, त्याचं नाव सगळ्यांत वर. अप्पांची छत्री इतकी वर्षं वर होती की तो खडू आता पुसून निघाला असता की नाही, शंकाच होती.

टेबल

टेबलावर नवा सेट. जुना सेट उचलायला दोन माणसं लागायची, त्याला सगळे हत्ती म्हणत. नवा इतकुसा, म्हणून अप्पांनी त्याचं नाव ठेवलं साबणाची डबी. डबीला जोडलेला संगणक, आणि संगणकात ते सॉफ्टवेअर, ज्याला क्लबात कुजबुज म्हणू लागले होते. त्यात माणसानं तोंड उघडायचंच नाही. संगणक पाव मिनिट बारीक शीळ घालतो, मग पाव मिनिट कान देतो. खरखरीत बुडालेली, आपल्या कानाला ऐकूही येणार नाही अशी हाक तो उपसून काढतो आणि पडद्यावर लिहून दाखवतो.

अप्पांना हे बिलकूल मान्य नव्हतं. यंत्र यंत्राशी बोलणार, मग आपण काय नुसता चहा करायचा, असं ते सभेत म्हणाले आणि खरोखरच चहा करायला गेले. परत आले ते अट घेऊन. दुकानदारानं सेट वापरून बघायला दिला होता, आज पाचला तो येणार होता. तोवर कुणी एकानं जरी उत्तर दिलं, तर सेट ठेवू. नाही तर साबणाची डबी आपल्या खोक्यात आणि खोकं दुकानात.

हा सेट आणा म्हणून हट्ट धरला होता सूनबाईनं. क्लबाला तिनं सांगितलं की हल्ली सगळे हेच वापरतात. खरं कारण तिनं पोटातच ठेवलं होतं.

खरं कारण म्हणजे अप्पांचा हात. मोर्सची कळ दाबून टिंब आणि रेघा पाठवण्यात त्यांचा हातखंडा. सूनबाईला त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर ताटलीवर चमचा वाजवून. बायको आणि बाप आपल्यादेखत आपल्याबद्दलच चमच्यांनी काय काय बोलतात, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती, आणि ती खरीही होती. पण वर्षभरापूर्वी तो हात थरथरू लागला. टिंबाची रेघ व्हायची, एकाची दोन टिंबं व्हायची. कानही थकले. एक दिवस अप्पांनी कळेवर रुमाल टाकला आणि पुन्हा काढलाच नाही. आता ते क्लबात येत, खिडक्या उघडत, चहा करत, खिडक्या लावत. आणि कुजबुजीला काय लागतं? एक बोट. थरथरलं तरी चालेल असं.

सकाळपासून

हाक.
काही नाही.
हाक.
काही नाही. (शिंपीकाका: सूर्य.)
हाक.
काही नाही. (डॉक्टर: सूर्यच.)
हाक.
खाली कुणीतरी धपकन उडी मारली. तेवढंच.

रेडिओच्या लहरी वरच्या हवेवर आपटून लांब जातात आणि ती हवा सूर्याच्या मर्जीवर चालते, हे खरंच आहे. पण या खऱ्याची रेडिओवाल्यांना फार सोय होते. शिंपीकाकांच्या घरचा फोन लागला नाही तरी ते आधी सूर्याला धरत. आज तर पडद्यावर अंधार होता. एरवी जिथे हाकांच्या उजळ रेघा झरझर खाली उतरतात, तिथे काळंकुट्ट. मग तिघांनी मिळून सूर्याची यथेच्छ निंदा केली, आणि सूनबाई पुन्हा बटण दाबत राहिली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर हाकेला घड्याळाकडे बघत होती.

अप्पा मागे स्टुलावर. त्यांचं चहा करणं चोख, पिणं नाही. कप कुठेतरी ठेवतील, विसरतील, गार झाला की तोंड वाकडं करून पितील. आज टेबलावर जागाच नव्हती, म्हणून कप त्यांनी मागच्या करड्या पत्र्याच्या डब्यावर ठेवला. बऱ्याच वेळानं एक घोट घेतला आणि म्हणाले, चहा गरम आहे हं आज. सगळ्यांनी मान डोलावली. आणखी बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, अजून गरम आहे. हा आनंद त्यांना आयुष्यात फार कमी वेळा मिळाला होता.

सूनबाईही हसली. मग तिचं हसू तोंडावरच राहिलं, आणि डोळे निघाले वायरीमागे.

साबणाच्या डबीतून काळी वायर,
टेबलाच्या कडेवरून खाली,
अप्पांच्या चपलांमागून
खिडकीकडे —
नाही.
खिडकीकडे नाही. वळसा घेऊन
पत्र्याच्या डब्यात.
डब्यावर कप.
कपात चहा.
चहा गरम.

आणि खिडकीशी, खऱ्या अँटेनेच्या वायरीचं टोक, कशालाच न जोडलेलं, वाऱ्यावर मजेत डुलत होतं.

त्या डब्याला क्लबात खोटी अँटेना म्हणतात. सेट तपासताना बाहेर उगाच गोंगाट जाऊ नये म्हणून वायर त्याला लावायची. सेटला वाटतं आपण जगाशी बोलतोय. डबा सगळं गिळतो आणि नुसता तापतो. काल सेट तपासायला तो तिनंच लावला होता, आणि काढायला विसरलीही तीच. म्हणजे सूर्य बिचारा आपलं काम करत होता आणि क्लबातली जाणती माणसं सकाळपासून चहा तापवत होती.

तिनं पेन्सिल पाडली. मुद्दाम. पेन्सिल शोधायला टेबलाखाली गेली. चटकन वायर काढायची, खरी लावायची, पेन्सिल घेऊन वर यायचं, कुणाला पत्ता नाही. वायरीच्या टोकाची पितळी टोपी बोटांत आली. अर्धा आटा फिरलासुद्धा.

"अगं," वरून डॉक्टरचा आवाज आला, "कुणीतरी उत्तर दिलंय."

पडद्यावर तांबड्या पट्टीत एक ओळ. क्लबाच्या नावानं हाक. डॉक्टरनं नकाशा उघडला, तर ठिपका समुद्राच्या पार पलीकडे. डब्याच्या कुठल्या फटीतून, वायरीच्या अंगावरून, जी चिमूटभर गळती झाली असेल, ती तिकडे एका कान टवकारून बसलेल्या संगणकानं उचलली होती. आणि त्याचं उत्तरही त्याच फटीतून आत शिरलं होतं.

शिंपीकाका खुर्चीवर चढायचेच बाकी होते. अप्पा म्हणाले, चला, सूर्याला बरं वाटलं वाटतं.

अट पुरी झाली होती. सेट राहणार होता. टेबलाखाली अप्पांच्या चपलांशेजारी बसलेल्या सूनबाईनं आता फक्त गप्प बसायचं होतं. पण चमचा आणि ताटली घेऊन अप्पांनी पहिल्या दिवशी तिला अक्षरांच्याही आधी एक गोष्ट शिकवली होती: समोरच्याला आपण दिसत नाही, म्हणून आपण कशावरून, कुठल्या अँटेनेवरून बोलतोय ते खरं सांगायचं.

बाहेर येताना टेबल डोक्याला लागलं.

"अप्पा, अँटेना लावलेलीच नाही. सकाळपासून आपण तुमच्या चहावरून बोलतोय."

अप्पांनी डब्याकडे पाहिलं. कपाकडे पाहिलं. मग फळ्याकडे, छत्रीकडे. शिंपीकाका भानावर येऊन खिडकीकडे धावले, खरी वायर लावतो म्हणाले, नाही तर तो माणूस हातचा जाईल.

"हात लावायचा नाही वायरीला," अप्पा म्हणाले. "सूनबाई, उठ. कुठे दाबायचं ते दाखव."

आणि ते खुर्चीत बसले. वर्षभरानं. सूनबाईनं आधी फिरलेला अर्धा आटा घाईघाईनं परत आवळला. अप्पांचं थरथरतं बोट बटणावर एकाऐवजी दोनदा पडलं. संगणकानं ते एकदाच मोजलं. अप्पांनी बोटाकडे बघितलं, संगणकाकडे बघितलं, आणि इतकं समजूतदार यंत्र आपल्या घरात का नाही असं पुटपुटले.

शीळ. कान.
शीळ. कान.
आला.

संपर्क पुरा झाला. पण अप्पांना आता राहवेना. कशावरून बोलतोय ते त्या माणसाला सांगायलाच हवं. कुजबुजीत मनचं लिहायला जेमतेम तेरा अक्षरांची जागा. शिंपीकाकांचा मजकूर एका पानाचा झाला. डॉक्टरला सुचलं ते तिनं स्वतःच नाकारलं. शेवटी अप्पांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधत टाइप केलं: चहा गरम. समुद्रापलीकडच्या माणसाला मराठी येत असेल का, हा प्रश्न कुणालाही पडला नाही.

पाव मिनिटानं उत्तर आलं. नुसतं प्रश्नचिन्ह.

"साखर किती, विचारतोय," अप्पा म्हणाले.

त्यानंतर काही काळ कुणीच कामाचं राहिलं नाही. डॉक्टर जमिनीवर बसून हसत होती. शिंपीकाका फळ्याशी जाऊन भांडायला लागले की अँटेना म्हणजे डबा, त्यात कपाचा काय संबंध. अप्पांनी त्यांना विचारलं की कप नसता तर डबा कळला असता का, आणि खडू सूनबाईच्या हातात दिला. छत्रीच्या वर जागा नव्हती, म्हणून तिनं छत्रीच पुसली. पुसून निघाली. तिथे लिहिलं: अप्पा आणि सून, चहाचा कप.

मग तिनं खरी वायर लावली.

पडदा असा उजळला की शाळा सुटली म्हणावी. रेघाच रेघा, हाकाच हाका, एकमेकींना ढकलत खाली येणाऱ्या. अप्पा खुर्ची पुढे ओढून एकेकावर बोट ठेवत सुटले. हा कोण, तो कुठला, याला आधी, त्याला नंतर. मागे डब्यावरचा चहा निवत चालला होता.

दारावर टकटक झाली. दुकानदार रिकामं खोकं काखेत घेऊन उभा. आत काय चाललंय ते त्याला समजेना. न्यायचा ना सेट, म्हणून त्यानं विचारलं.

अप्पांनी मागे न वळताच हाताचा पंजा वर केला. पंजा थरथरत होता आणि त्याचं त्यांना काही नव्हतं.

"थांबा हो जरा. मी बोलतोय."