जांभळा की गुलाबी

“मास्तर, रंग कुठला आला?” वॉर्डमधून डॉक्टरबाईंचा फोन होता. “पोरीला झटके येतायत. एक औषध चालू केलंय, दुसरं तुमच्या रंगावर ठरणार.”

“पट्टी वाळतेय. सांगतो लगेच.”

प्रयोगशाळेत सगळ्यांना सूक्ष्मदर्शकात बघायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. काचपट्टीवर पोरीच्या पाठीतून काढलेलं पाणी होतं. आधी जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरिटची धार, शेवटी लाल रंग. स्पिरिटने धुऊनही जांभळे राहतात ते जंतू एका जातीचे. रंग सोडून गुलाबी होतात ते दुसऱ्या.

मास्तरांनी डोळा लावला. जोडीजोडीने जंतू दिसले. गुलाबी.

ते फोनकडे वळले आणि थबकले. टोकदार आकार तर जांभळ्या जातीचा होता. स्पिरिट जास्त झालं असेल? रंग ताजे आहेत का हे बघायला रोज सकाळी ओळखीच्या जंतूंची एक पट्टी रंगवतात, ती त्यांनी लावली. त्यावरचे जंतू जांभळेच असायला हवेत. तेही गुलाबीच दिसले.

त्यांना मोजे आठवले. सकाळीच बायको म्हणाली होती, “अहो, एक मोजा निळा, एक काळा. नवरदेव निघाले कुठे?” त्यांनी उजेडावर ढकललं होतं.

फोन पुन्हा वाजू लागला.

“ताई, जरा इकडे या,” त्यांनी समोरच्या टेबलावरच्या धाकट्या सहकारी बाईंना हाक मारली. “ही बघा. मला काय दिसलं ते सांगत नाही.”

ताईंनी वाकून बघितलं. “जांभळे. दोन-दोन. स्वच्छ दिसतायत की.”

“आणि ही?”

“हीपण जांभळी. का हो मास्तर?”

“फोन घ्या. तुम्ही बघितलंत म्हणून सांगा.”

ताईंनी सांगितलं. डॉक्टरबाईंनी दुसरं औषध सुरू केलं. दुपारभर वॉर्डमधून काहीच कळलं नाही. मास्तरांनी साहेबांच्या खोलीत जाऊन डोळ्यांचं सांगितलं आणि परत येऊन या आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या ताईंपुढे ठेवल्या.

“सगळ्या पुन्हा बघायच्या. आणि चुकलेली सापडली तर मला सांभाळून घेऊ नका.”

संध्याकाळी निरोप आला, झटके थांबले. ताईंनी मान हलवली आणि पुढची पट्टी लावली. मास्तरांचं स्टूल त्यांना उंच होत होतं.

“उठा जरा,” मास्तर म्हणाले. खाली बसून त्यांनी स्टुलाचा स्क्रू फिरवला आणि ते ताईंच्या उंचीला आणून दिलं.