मनकर्णाबाईच्या बुडाखालचा पाट

मित्रांनो, मी बाभळीचा जुना पाट आहे. वडनेर भोलजीत शेषरावांच्या न्हाणीत पडलेला असतो. माझ्यावर बसून त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, गल्लीतली कितीतरी लेकरं न्हाऊ घातली. पाय लांब करायचे, पायांवर लेकरू घ्यायचं, तेल चोळायचं आणि हातपाय ताणायचे. "बाईच्या हातात जादू आहे," असं गाव म्हणे. तिची कीर्ती वाढली, माझी फळी झिजली.

यंदा शेषरावांची सून काजल हिला मुलगी झाली. मनगटं आत मुडपलेली, गुडघे ताठ, पावलं आत वळलेली. फार थोड्या लेकरांना असं होतं; सांधे पोटातच आखडतात. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हाडं नाजूक आहेत, ओढाताण नको. पावलांना प्लास्टर लावू, हळूहळू व्यायाम शिकवू."

पण ऐकतो कोण? आमच्याकडे डॉक्टरपेक्षा ग्रहणाला जास्त समजतं!

"पोटुशी असताना ग्रहणात हिनं लुगडे घडी केले, म्हून लेकराच्या घड्या पडल्या," शेषरावांनी निकाल दिला. बघायला आलेल्या बायांनी माना डोलावल्या. चहा प्यायल्या, "अवं माय, त्यात पोरीची जात!" म्हणून हळहळल्या आणि पदराआड हसल्या. थू त्या हळहळीवर! तेवढ्यात मनकर्णाबाई माझ्यावर बसली आणि लेकरू पायांवर घेऊन तेल चोळू लागली.

"मामाजी, डॉक्टरीणबाईनं ओढू नका म्हटलं ना," काजल म्हणाली.

"तुह्या डॉक्टरणीनं किती लेकरं न्हाऊ घातले वं?" मनकर्णाबाई फणकारली. तिनं मुडपलेला हात धरला आणि ओढला.

कट्!

लेकरू असं किंचाळलं, की बघ्या बाया चपला शोधू लागल्या. मनकर्णाबाई म्हणते, "हाडच कच्चं होतं, मी काय करू?" अगं शहाणे, तेच तर सांगून राहिले होते ना तुला!

काजलनं कुणाला विचारलं नाही. लेकरू उराशी धरलं आणि एसटीनं दवाखाना गाठला. दंडाचं हाड मोडलं होतं.

हाड जुळलं. आता माझ्यावर काजलच बसते. शिकवल्याप्रमाणे मनगट हळूच, दुखणार नाही इतकंच वळवते. परवा शेषराव दारातून म्हणाले, "असं गोंजारून कुठं सरळ होते काय?"

तिनं मान वर केली नाही.

"होईल तेवढं होईल, मामाजी. मोडणार तं नाही."

मित्रांनो, असं लेकरू पाहायला गेलात, तर हात मागे बांधा आणि तोंड मिटा. एवढंही जमत नसेल तर घरीच बसा. तुमच्यावाचून त्या लेकराचं काही अडलेलं नाही.