नावापुढचं टिंब

"आता काय बिनसलं याचं?"

टाचणीबाईंनी स्क्रीनला विचारलं. स्क्रीनवर पुन्हा लाल ओळ आली होती. सकाळपासूनची अकरावी.

"अवतरणचिन्ह उघडलंत, पण बंद नाही केलंत, काकू," शिकवणारी मुलगी खुर्चीमागून म्हणाली. "बंद केल्याशिवाय मजकूर कुठे संपला ते त्याला कळत नाही."

"एवढं हुशार यंत्र आणि एवढंसं कळत नाही?"

"सांगितल्याशिवाय काहीच कळत नाही त्याला."

"म्हणजे आमच्या साहेबांसारखंच."

काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते म्हणून बरं. मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. टाचणीबाई हसल्या नाहीत. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत होता आणि दर दोन मिनिटांनी नजर घड्याळाकडे जात होती. चार वाजता यादी जायची होती.

दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. दिसेल ती चिठ्ठी दिसेल त्या कागदाला टोचून ठेवायची सवय म्हणून टाचणीबाई. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. वार्षिक तपासणी बाकी असलेल्या सगळ्यांना आज चार वाजता एकाच वेळी फोनवर निरोप जाणार होता. जुन्या यादीत एकेचाळीस हजार नावं होती आणि यादी भयंकर गबाळी होती. नावाच्या आधी मोकळ्या जागा, नावानंतर मोकळ्या जागा, मध्येच स्वल्पविराम. ती साफ करायचा प्रोग्राम विभागातल्याच कुणी लिहिला तर काम इथे राहणार, नाहीतर बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि टाचणीबाई तळघरात फायली लावायला जाणार, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. ते गोड बोलायला लागले की लोक आपापल्या खुर्च्या घट्ट धरत.

म्हणून गेले तीन आठवडे त्या पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकत होत्या. मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. त्यातल्या प्रत्येक अक्षराला नंबर असतो आणि मोजायचं ते शून्यापासून. "माझी धाकटी बहीण वय असंच मोजते," टाचणीबाई म्हणाल्या होत्या. शेवटच्या अक्षराचा नंबर मात्र उणे एक, हे त्यांना फार आवडलं होतं. कितीही लांब नाव असो, मागून हात घातला की शेवटचं अक्षर हाती येतं.

त्यांनी अवतरणचिन्ह बंद केलं. लाल ओळ गेली. स्ट्रिप नावाच्या आज्ञेनं नावांच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा भराभर उडाल्या.

"वा! आता बघा, बऱ्याच नावांपुढे नुसतंच टिंब पडलंय. कुणाचा तरी हात लागला असणार. स्ट्रिपच्या कंसात टिंबही घाला, म्हणजे तेही जाईल."

टाचणीबाईंचं बोट टिंबाच्या कळीवर क्षणभर थांबलं. काहीतरी खटकलं. पण तीन आठवड्यांत मुलगी पहिल्यांदा 'वा' म्हणाली होती. चोपन्नाव्या वर्षी कुणी वा म्हणायची सवय राहिलेली नसते. त्यांनी टिंब घातलं, प्रोग्राम चालवला आणि साफ झालेली यादी जुन्या यादीच्याच नावानं ठेवून दिली, म्हणजे जुनी पुसली गेली.

"तेराशे बारा टिंबं काढली," मुलगी म्हणाली. "लोक किती निष्काळजीपणे टाइप करतात ना?"

साहेब बाहेर आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "टाचणीबाई, तुम्ही तर कमालच केलीत." तेव्हा तीन वाजले होते.

त्या पाणी प्यायल्या, परत बसल्या, परत उठल्या. काम झालं होतं तरी जीव थाऱ्यावर नव्हता. यादी वर-खाली सरकवत बसल्या. सरकवता सरकवता लिफ्टमनचं नाव आलं. दवाखान्याचाच लिफ्टमन, बावीस वर्षं तोच लिफ्ट चालवायचा, गेल्या वर्षी गेला. नाव कसं स्वच्छ दिसत होतं, जणू माणूस सोमवारपासून कामावर रुजू होणार होता.

टाचणीबाईंनी सरकवणं थांबवलं.

जुन्या यादीत माणूस गेला असं लिहायला जागाच नव्हती. नाव खोडायची परवानगी नव्हती, कारण फाईल जपावी लागे. म्हणून त्यांच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या थोरल्या बाईंनी वाट काढली होती. माणूस गेला, की नावापुढे एक टिंब द्यायचं आणि त्याला पत्र, निरोप काही पाठवायचं नाही. कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. फक्त टाचणीबाईंना शिकवलं, आणि पुढे थोरल्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या नावापुढचं टिंब टाचणीबाईंनीच दिलं.

आता तेराशे बारा घरांत फोन वाजणार होता. 'आपली तपासणी बाकी आहे, लवकरात लवकर या.' चहा पिता पिता कुणीतरी वाचणार, बायको वाचणार, आई वाचणार. ते वाचताना काय होतं हे टाचणीबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्याही घरात एक माणूस कमी होता.

घड्याळात तीन वीस झाले होते. त्या तशाच साहेबांच्या खोलीत शिरल्या, दारावर टकटक न करता.

"साहेब, निरोप थांबवा. माझ्याकडून चूक झालीय."

त्यांनी सगळं सांगितलं. मागोमाग आलेली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

"हे टिंबाचं कुठे लिहून ठेवलंय?" साहेबांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग माहीत कुणाला?"

"मला."

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हीच काढलंत?"

"हो."

"सर, मीच त्यांना म्हटलं होतं..." मुलगी बोलायला लागली.

"बोट माझं होतं," टाचणीबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. आवाजातला गोडवा गेला होता, त्यामुळे ते पहिल्यांदाच माणसासारखे वाटले. "साडेचारपर्यंत थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि त्या खुर्चीचं काय करायचं ते उद्या बघू."

मुलीनं सकाळीच मूळ यादीची नक्कल पेनड्राइव्हवर करून ठेवली होती. हे कळल्यावर टाचणीबाईंनी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली.

"सरा जरा, मी लिहिते पटकन," ती म्हणाली.

"नको. मी काढलीत, मीच शोधते."

या वेळी त्यांनी फक्त मोकळ्या जागा काढल्या, टिंबाला हात लावला नाही. मग प्रत्येक नावाचं उणे एक नंबरचं अक्षर बघायचं, ते टिंब असेल तर नाव वेगळ्या यादीत टाकायचं. चालवलं. लाल ओळ.

"असू दे, काकू, होतं असं..."

"बोलू नकोस. विचार करू दे."

पाय हलायचा थांबला. त्यांनी लाल ओळ दोनदा वाचली, यादी खाली सरकवली आणि दोन नावांच्या मधल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "ही बघ. इथे काहीच नाही. जिथे काहीच नाही तिथे शेवटचं अक्षर कुठून आणेल बिचारं?" ओळ रिकामी असेल तर सोडून दे, असं त्यांनी वर लिहिलं. या वेळी लाल काही आलं नाही. नावं धो धो खाली जाऊ लागली. अधूनमधून एखादं ओळखीचं दिसे आणि ओळखेपर्यंत निघून जाई.

तेराशे बारा.

"झालं!" मुलगी टाळी वाजवणार होती, पण तिनं हात आवरले. चारला दहा कमी होते. "ही सगळी वगळून यादी पाठवते साहेबांना."

"थांब. एक कमी आहे."

"आकडा बरोबर आहे की, काकू. सकाळी तेवढीच होती."

"सकाळीही एक कमीच होतं. त्याला मी टिंब दिलंच नव्हतं."

"विसरलात?"

"नाही." टाचणीबाई स्क्रीनकडेच बघत होत्या. "आमचे हे."

मुलीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हा रजेवरून परत येऊन त्यांनी यादी उघडली होती, नावापर्यंत गेल्या होत्या आणि बंद केली होती. उद्या देऊ म्हणून राहिलं ते राहिलंच. नवऱ्याचा फोन कपाटात होता, दर आठवड्याला त्या तो चार्ज करत. वर्षातून एकदा दवाखान्याचा निरोप येई, कपाटात फोन वाजे आणि कुणीतरी त्यांना बोलावतंय एवढ्यानंच टाचणीबाईंना बरं वाटे. हा वेडेपणा होता. त्यांना तो कळत होता आणि हवाही होता. पण आज परक्या घरांत तोच फोन वाजू नये म्हणून त्या धावत सुटल्या होत्या. तेराशे बारा लोकांना एक नियम आणि आपल्या माणसाला दुसरा, हे त्यांना जमेना.

"मी टाकू का त्यांचं नाव त्या यादीत?" मुलीनं हळूच विचारलं.

"नको गं. मला देता येतं."

त्यांनी नाव शोधलं. कर्सर नावाच्या शेवटी नेऊन ठेवला. मग हात पदराला पुसला आणि टिंब दिलं. ते नीट उमटलंय ना, म्हणून थोडं पुढे वाकून बघितलं.

"आता चालव," त्या म्हणाल्या.