‘ह’च्या पोटातली खाच

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टाइप आहे. टाइप म्हणजे छापखान्यातल्या अक्षरांचा संच. दिसायला मी दांडगा आहे. अंगाने जाड, चालीने तिरका, कुठे गोलाई म्हणून नाही, सगळे कोपरे टोकदार. पण खरं सांगू? स्वभावाने मी भित्रा आहे.

छापखान्याच्या मालकांनी मला स्वतःच्या हाताने कोरलं. लाकडात उलटा, म्हणजे कागदावर सुलटा. ‘ह’ कोरताना त्यांची पटाशी घसरली आणि त्याच्या पोटात खाच पडली. तेव्हापासून छापलेल्या ‘ह’मध्ये नखाएवढी पांढरी रेघ राहते. ही खाच सुताराची लांबी भरून बुजवू या, असं त्यांची मुलगी कितीदा म्हणाली. मालक नुसते हसायचे आणि कामाला लागायचे.

कितीतरी वर्षं मी सर्कशीच्या, जादूच्या प्रयोगांच्या आणि कपड्यांच्या सेलच्या जाहिराती ओरडलो. अक्षर असावं तर असं, असं लोक म्हणत. मग संगणक आला आणि मी खणात धूळ खात पडलो. त्याच सुमारास मालकांनाही विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घराचा रस्ता, शेवटी स्वतःचं नाव. एके सकाळी ते घराबाहेर पडले आणि परतलेच नाहीत.

मुलीने मला जुळवलं. ‘वडील हरवले’. खाली बारीक अक्षरांत वर्णन आणि फोन नंबर. दुपारपर्यंत मी चौकाचौकात चिकटलो होतो, पण लोक येत, वरवर नजर टाकत आणि पुढे जात.

“पुन्हा सेल लागला वाटतं,” एक बाई मैत्रिणीला म्हणाली.

जन्मभर सेल ओरडलो, त्याचं हे फळ. आता खरं संकट आलं, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ऊन कलल्यावर शिंप्याच्या दुकानाशेजारी, माझ्यासमोर एक म्हातारा थांबला. एका पायात चप्पल नव्हती. मालकच होते ते. मला हाक मारता येईना. त्यांनी मजकूर वाचला नाही; ते नखाने ‘ह’मधली पांढरी रेघ तेवढी खरवडू लागले. कागद फाडू नका, असं सांगायला शिंपी बाहेर आला.

“आजोबा, नाव काय तुमचं?”

त्यांना आठवेना. “इथं माझी पटाशी घसरली होती,” ते म्हणाले.

तेव्हा कुठे शिंप्याने मला शेवटपर्यंत वाचलं आणि फोन लावला.

आता रोज संध्याकाळी मुलगी तो लाकडी ‘ह’ त्यांच्या तळहातावर ठेवते. त्यांचा अंगठा खाच शोधतो. ती सापडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. काल अंगठा दोनदा खाचेवरून तसाच पुढे गेला. तिसऱ्यांदा थांबला.

मित्रांनो, भिंतीवर कोणी मोठ्या अक्षरांत ओरडत असेल, तर खालच्या बारीक ओळीही वाचत जा. आणि छापखान्यात आलात, तर माझा ‘ह’ घासून गुळगुळीत करू नका. ती खाच मालकांना अजून लागते.